कॉलरकाकूंचा रविवार

कंपनीत सगळे त्यांना कॉलरकाकू म्हणत. शर्टाची कॉलर बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कंपनीने परदेशात नवा कारखाना काढला, तेव्हा तिथल्या मुलींना शिकवायला काही महिने कुणाला पाठवायचं, यावर साहेबांना फार डोकं खाजवावं लागलं नाही.

"जा बिनधास्त," नवरा म्हणाला. "आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" कॉलेजात जाणाऱ्या लेकीने तर मैत्रिणींत मिरवूनही घेतलं.

नवलाई आठवडाभर पुरली. मग उरली ती एक खोली. पलंग, एकच खुर्ची, विजेची शेगडी, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. सकाळी चहा, डबा, कंपनीची बस. कारखान्यात काकू सांगायच्या, "कापडाला ओढू नकोस गं, त्याला आपणहून येऊ दे." दुभाषी मुलगी ते दोन शब्दांत सांगून मोकळी व्हायची. शिकणाऱ्या मुली खुदकन हसायच्या. कशाला हसल्या ते काकूंना कधी कळलं नाही. 'काकू' हेच त्यांचं नाव असं धरून सगळ्या त्यांना 'मॅडम काकू' म्हणायच्या. काकूंनीही ते कधी सुधारलं नाही.

संध्याकाळी भाजीवालीपुढे बोटाने दाखवायचं, पिशवी भरायची, जिने चढायचे. शनिवार-रविवार तर तोंडाला कुलूपच. एका सोमवारी बसमध्ये ड्रायव्हरला नमस्कार करायला गेल्या, तर आवाजच फुटेना. दोन दिवसांत शब्द म्हणून तोंडातून बाहेर पडला नव्हता. तेव्हापासून त्या न्हाणीघरातल्या गळक्या नळाशी बोलू लागल्या. "गळ बाबा, गळ. तुला तरी काहीतरी काम आहे."

रविवारी मात्र घरचा फोन. तिकडची जेवायची वेळ म्हणजे इकडची तिन्हीसांज. लेक फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवायची आणि बापलेक गप्पा मारत जेवायचे. काकूही आपलं ताट समोर घेऊन बसायच्या, म्हणजे पंगतीला बसल्यासारखं वाटायचं.

एका रविवारी जेवणं चालू असताना दाराची बेल वाजली. लेकीच्या मैत्रिणी आल्या होत्या. लेक हात धुवायला पळाली, नवरा पाहुण्यांना "या, या" करत बाहेरच्या खोलीत गेला. फोन पाण्याच्या जगला टेकलेला तसाच राहिला. पडद्यावर उष्टी ताटं, दोन रिकाम्या खुर्च्या आणि भिंतीवरचं घड्याळ. बाहेरच्या खोलीत कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि नवरा मोठमोठ्याने हसत होता. काकूंना वाटलं, हाक मारावी. ओठांवर आलेली हाक त्यांनी गिळली. फोनही बंद केला नाही. घराचा आवाज येत होता, तेवढा ऐकत राहिल्या. ताटातला भात गार झाला.

बऱ्याच वेळाने नवरा ताटं उचलायला आला आणि दचकलाच.

"अगं! तू आहेस अजून?"

"आहे की."

"हाक मारायची नाही का?"

"तुम्ही हसत होतात. म्हटलं, कशाला मध्ये पडा."

नवऱ्याचा चेहरा पडला. तो खुर्ची ओढून बसला. मग उठून मटार घेऊन आला आणि सोलायला लागला.

"कंटाळतेस का गं तिकडे?"

"छे. वेळ कुठे असतो," काकू म्हणाल्या. मग भात चिवडत म्हणाल्या, "हो. खूप."

तो मान खाली घालून सोलत राहिला. "इथेही, पोरगी बाहेर पडली की घर नुसतं खायला उठतं. तुला काळजी नको, म्हणून बोललो नाही."

शेंगा मोडण्याचा आवाज तेवढा येत होता. मग मैत्रिणींना चहा हवा, अशी बाहेरून हाक आली.

"जा तुम्ही," काकू म्हणाल्या. "ठेवते मी."

या वेळी फोन त्यांनीच बंद केला. गार भात तसाच खाल्ला, ताट घासलं, सोमवारच्या कपड्यांना इस्त्री करायला घेतली. बाहेर अंधारून आलं होतं. जिन्यात कुणाचीतरी पावलं वाजली. काकू इस्त्री हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. पावलं त्यांच्या दारावरून पुढे वरच्या मजल्यावर गेली.