तिसऱ्या प्रकरणात वारलेले बाबा

माझा दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. दिवसभर ती डोळेफोड करायची आणि घरी येऊन कादंबरी लिहायची, असं त्याचं नऊ वर्षं चाललं होतं.

कादंबरी पुरी झाली आणि खरे हाल सुरू झाले. लेखकाचं पुस्तक प्रकाशकापर्यंत नेणारे एजंट असतात. त्यांना आधी एक पत्र आणि पहिली तीनच प्रकरणं पाठवायची. आवडली तर ते पुढची मागवतात. चार वर्षं कोणी मागवेना. 'आपल्या लेखनास शुभेच्छा' एवढंच यायचं, कुणी तर तेवढीही तसदी घेत नसे. शुभेच्छा आल्या की दादा त्या दिवशी जेवायचा नाही. मला त्या लोकांचा असा राग यायचा की सांगता सोय नाही.

दर नकारानंतर दादा ती तीन प्रकरणं नव्याने लिहून काढायचा. एकाने कळवलं, सुरुवात फार संथ आहे. झालं! दादाने तिसऱ्या प्रकरणात नायिकेच्या वडिलांना मारून टाकलं. ते वडील म्हणजे सरळसरळ आमचे बाबा; चालणं तेच, खोकणं तेच. बाबांनी पानं वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "मला मारून तरी छापणार आहेत का?"

अडतिसाव्या एजंटबाईंनी मात्र अख्खी कादंबरी मागवली. वहिनीने शेजारीपाजारी सांगून टाकलं आणि दादाने आनंदाच्या भरात त्याच दिवशी सगळा गठ्ठा पाठवला. पहिल्या तीन प्रकरणांतच घुटमळत राहिल्यामुळे चौथ्यापासून पुढे त्याने चार वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी नकार आला, पण चांगला पानभर. दादाने तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचून दाखवला. "तिसऱ्या प्रकरणात वारलेले वडील सतराव्या प्रकरणात लेकीची पेटी खांद्यावर घेऊन वसतिगृहाचे तीन जिने चढतात. अशी कादंबरी मला घेता येणार नाही. पण ते पान मी तीनदा वाचलं."

ती पेटी माझी होती, मी नर्सिंगला गेले तेव्हाची. बाबांनी ती वाटेत एकदाही खाली ठेवली नव्हती. मला रडू आवरेना.

"हातातोंडाशी आलेला घास मीच घालवला," दादा म्हणाला.

"कुणीतरी सतराव्यापर्यंत पोचलं ना?" वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादा कामावरून आला तो थेट तिसरं प्रकरण काढून बसला. तेवढ्यात बाबा बाहेरून आले. आता त्यांना आमचा एकच जिनासुद्धा दोनदा थांबून चढावा लागतो. ते खुर्ची ओढून दादाजवळ बसले.

"आता काय करतोयस?"

"तुम्हाला जिवंत करतोय, बाबा."

बाबांनी जरा दम खाल्ला. "सावकाश कर. मी आहे अजून."