कापलेल्या दोन सळया

खेमराज मिस्त्रीच्या हातचं बाथरूम गळत नाही, असं गोंदियात म्हणतात आणि ते खरंच आहे. बावीस वर्षांत एक तक्रार नाही. असेल तरी कशी? माणूस सौंदडकडचा, कोहळी समाजातला. ज्याच्या बापजाद्यांनी गावोगावचे तलाव बांधले, त्याला आठ बाय नऊची खोली काय जड! पण त्या सकाळी या गड्याची पाचावर धारण बसली होती, आणि ती गळतीच्या भीतीनं नव्हे.

बंगला साठ-बासष्ट सालचा. सपाट छत, भिंतभर खिडक्या, भिंतीतून अधांतरी निघालेल्या पायऱ्या. सुमित्राबाईंच्या इंजिनीअर नवऱ्यानं हौसेनं बांधलेला. तो गेला, बाईंनी ऐंशी ओलांडली, गुडघे गेले, म्हणून त्या खालच्या खोलीत राहू लागल्या. आता सून हर्षानं वरच्या मजल्यावरचं मोठं बाथरूम नवं करायला काढलं. जुन्या फिकट हिरव्या टाइल्स निघाल्या, कमोड खिडकीकडे सरकला. कमोड सरकला म्हणजे पाइप सरकला, आणि पाइपासाठी स्लॅबला नवं भोक पाडावं लागलं. भोकात दोन सळया आडव्या आल्या. खेमराजनं ग्राइंडर लावून दोन्ही कापल्या. सगळेच कापतात हो! पण कापताना त्याला दिसलं, की सळया गंजून निम्म्या उरल्यात आणि भोवतीच्या काँक्रीटचा बोटानं भुगा होतोय. सांगितलं तर काम थांबणार, नाव जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्यानं मसाला भरला, वॉटरप्रूफिंगचे तीन हात दिले आणि गप्प बसला.

मग हर्षा म्हणाली, "मिस्त्री, टाइल्स लावायच्या आधी दोन दिवस पाणी भरून बघा."

नाही कसं म्हणणार? हे तर त्याचं नेहमीचंच काम. जाळीत बोळा कोंबला, चार इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. रेघ मारतानाच त्याच्या डोक्यात आलं, हे सहाशे-सातशे किलो वजन झालं. आणि बरोबर खाली सुमित्राबाईंचा पलंग!

तो धावतच खाली आला. बाई पलंगावर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या.

"आजी, दोन दिवस समोरच्या खोलीत राहा ना."

"काऊन?"

"वरून धूळ पडते."

"पाण्याची धूळ पडते का रे? मी नाही हलत."

खेमराजनं छताकडे पाहिलं. पंख्याच्या कडीपासून एक बारीक भेग निघाली होती. काल होती का? आठवेना. वर जाऊन बोळा काढावा तर हर्षा कारण विचारणार. पळून जावं तर म्हातारी इथंच. शेवटी तो पलंगाशी जमिनीवर मटकन बसला आणि भेगेकडे बघत राहिला.

त्याला त्याचा आजा पुनाराम आठवला. तो सांगायचा, आपल्या घराण्याची रीतच होती, नवा तलाव पहिल्यांदा भरला की बांधणारा बायकापोरांसह पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, खोपडीत राहायचा; बांध फुटला तर आधी आपण. लहानपणी खेमराजला त्यात मोठी मर्दुमकी वाटे. पण आज्यानं पाळीत काही झाकून ठेवलं नसेल. यानं ठेवलं होतं.

सुपात चुन्याचा एक पोपडा पडला.

खेमराज ओरडलाच. "आजी, मी दोन सळया कापल्या! वरच्या स्लॅबच्या! सडल्या होत्या, तरी झाकल्या. उठा, पाया पडतो तुमच्या, उठा!"

सुमित्राबाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "माहीत होतं तं इथं कायले बसून राहिला?"

"तुमी उठत नव्हत्या."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात पुढं केले. "उचल मले."

त्यानं बाईंना अंगणातल्या खुर्चीत आणून बसवलं, वर धावला, बोळा उपटला. पाणी घळघळ निघून गेलं. स्लॅब पडला नाही. हर्षा त्याला ताडताड बोलली, आणि बोलायलाच पाहिजे होतं. नंतर इंजिनीअर आला, खालून टेकू द्यायचं ठरलं. सुटलो बाप्पा, असं खेमराजला वाटलं.

तो अवजारं गोळा करून निघाला, तशी सुमित्राबाईंनी हाक मारली. आवाजात राग नव्हता.

"खेमराज, याच्या आधी किती घरी कापल्या रे?"

'एकाही नाही' असं जिभेवर आलं होतं. ते तिथंच अडकलं. तिरोड्याच्या टेकचंद गुरुजींचं घर डोळ्यांपुढं आलं; त्यांना नुकतीच नात झाली होती. मग रेलटोलीतलं एक. मग आणखी दोन. कुठलंच बाथरूम गळलं नव्हतं, म्हणून खालच्या माणसांनी कधी छताकडे पाहिलंही नसेल. त्यानं तिथंच पिशवी खाली ठेवली, मोबाइलवर गुरुजींचा नंबर शोधला आणि लावला.

"गुरुजी, मी खेमराज मिस्त्री. नातीचा पाळणा कोणत्या खोलीत टांगला आहे?"