शकुनाचं दही

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला आणि आता भोपाळला कोणाकोणाला जावं लागणार याची बाबांच्या कचेरीत कुजबुज सुरू झाली, त्याच थंडीत आमच्या माधव नगरच्या घरी एक तांबूस पिल्लू आलं. दुधावर होतं तोवर ठीक होतं. पोळी खायला लागलं आणि खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर टाकू लागलं. बरगड्या दिसायला लागल्या, भूक मात्र राक्षसाची. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. आमच्या आळीत कुणालाही काहीही झालं की आधी नजर लागायची, डॉक्टर मागून.

जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा विलायतेत शिकून आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी टावर चौकाजवळच्या माणसांच्या डॉक्टरकडे नेऊन पिल्लाचा एक्स-रे काढवला आणि आईला नीट समजावलं. हृदयाजवळचा एक पट्टा जन्मापासूनच अन्ननळीवर आवळला गेला होता. त्याच्या वर नळी फुगून पिशवी झाली होती, आणि अन्न पोटात न जाता तिथंच साचत होतं. असं क्वचितच एखाद्या कुत्र्यात होतं. छाती उघडून तो पट्टा कापला तर पिल्लू जगेल. हे ऑपरेशन त्यांनी परदेशात पाहिलं होतं, स्वतः पहिल्यांदाच करणार होते. तोवर त्याला उभं करून पातळ पेज भरवा, म्हणाले.

कुत्रं नुसतं शिवलं तरी लुगडं बदलणारी माझी आई. ती त्याचे पुढचे पाय पाटावर टेकवून चमचा चमचा पेज भरवायची आणि मग तसंच उभं धरून पाठ थोपटत बसायची. आम्हा भावंडांचे इतके लाड झाल्याचं मला आठवत नाही, आणि मी ते तिला ऐकवलंही.

"तू ओकत नव्हतीस न," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं, "आज दोपहर से खाना-पानी बिलकुल बंद."

उपास कसा करायचा हे आईला कोण शिकवणार! पिल्लाबरोबर तिनंही तोंडात पाणी घेतलं नाही. ते भुकेनं कुईकुई करत राहिलं, तिचा पदर चावत राहिलं, पण ती बधली नाही. सकाळी निघताना मात्र तिनं आम्हाला उंबऱ्यात थांबवलं. परीक्षा असो, प्रवास असो, आमच्याकडे दही-साखर हातावर घेतल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. तिनं चमचाभर दही-साखर आपल्या तळव्यावर घेतली आणि पिल्लानं तिचा हात चाटूनपुसून स्वच्छ केला. आम्ही सगळे तिथंच उभे होतो. हे खाणं आहे असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. तीर्थ घेतल्यानं कधी एकादशी मोडते का?

भूल दिल्याबरोबर पिशवीत अडकलेलं दही उलटून श्वासनळीत गेलं. छाती उघडायची वेळच आली नाही.

डॉक्टर बाहेर आले. पिल्लू गेल्याचं सांगून त्यांनी विचारलं, "माताजी, सुबह कुछ दिया था क्या?"

"कुछ नहीं, डॉक्टरसाब. कल दोपहर से एक दाना नहीं. बस, निकलते समय शगुन का दही चटाया था."

त्यांनी खरं ते हळू आवाजात सांगून टाकलं. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. खोटं बोलले असते तर त्यांचं काय बिघडलं असतं? आज माझे केस पांढरे झाले तरी तो राग गेलेला नाही. पिल्लाला आणलेली टोपली रिकामीच घेऊन आम्ही टांग्यात बसलो.

संध्याकाळी काकू पिठलं-भात घेऊन आल्या. पिल्लू कशानं गेलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी आम्ही निघालो तेवढं त्यांनी त्यांच्या दारातून पाहिलं होतं. आईजवळ बसून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, वहिनी. बेचारा उपाशी तर नाही गेला न. तुमच्या हातचं गोड खाऊन गेला."

दिवसभर आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिनं आपला उजवा हात पदराखाली घेतला आणि मोठ्यानं रडू लागली.