काळ्या लाखेच्या चित्रापुढे

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही धड नाही. आमच्या श्रीवर्धनकडे चिंचेखाली कोण उभं असतं याच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून जायचो. तेव्हा हे वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा…

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बहारीनला, मुहर्रकच्या एअरपोर्टवर कार्गो ऑफिसात क्लार्क होतो. बायको रुक्साना सोबत होती. गावी फोन दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर. फोन मोठा भाऊ उचलायचा. बरेच शुक्रवार झाले, अम्मी काही फोनवर येत नव्हती. "झोपलीय." "शेजारी गेलीय." "ऐकू येत नाय तिला आता, काय बोलशील?" सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेतं?

त्याच सुमारास व्हिएतनामच्या एका म्युझियममधली चित्रं राजधानीत, मनामाला, प्रदर्शनासाठी आली. पेट्या आमच्याच कार्गोतून सुटल्या, म्हणून मला दोन पास मिळाले. चित्रांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण हॉलला एसी होता, शुक्रवार मोकळा होता — घरी फोन करून (अम्मी त्या दिवशी "नमाजला बसली" होती) आम्ही दोघं तिकडेच गेलो.

शेवटच्या खोलीत लाखेची चित्रं होती. तिथल्या बाई एका पाहुण्याला समजावत होत्या — लाखेचे थरावर थर चढवायचे, आणि मग पाण्याने घासत घासत आतलं चित्र वर काढायचं. एका मोठ्या चित्रात खाडी, होडी, केळी… डिट्टो आमच्या गावची खाडी! बाकी सगळा काळा अंधार, आणि तो आरशासारखा चकचकीत. त्यात आम्ही दोघं दिसत होतो. मी, रुक्साना… आणि आमच्या मध्ये, जराशी मागे, अम्मी.

मी गर्रकन वळलो. मागे नुसती भिंत. पुन्हा चित्रात बघितलं — होती! पदर कानामागे खोचलेला. कुणाला चार शब्द सुनावायचे असले की ती पदर तसा खोचायची.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. रुक्सानाकडे बघत होती.

मी तोंडातून शब्द काढला नव्हता. रुक्सानानेच माझा दंड घट्ट धरला. "अम्मी इथे कशा?… त्यांचा तर चाळिसावा पण झाला!" म्हणाली, आणि तिने स्वतःचं तोंड हाताने दाबलं.

माझी आई गेल्याचं मला असं कळलं. एसीत, परक्यांच्या चित्रापुढे.

गल्फमधल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, सुट्टीवर आला की सांगायची — आमच्याकडची रीत! मी शिफ्टला असताना भावाने रुक्सानाला फोन करून शपथ घातली होती. ती माझ्या ताटात वाढत राहिली, आणि गप्प राहिली. त्याच संध्याकाळी मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "कंपनी तुला लगेच सोडणार होती काय? मय्यत तुझ्यासाठी थांबणार होती? तिथे एकटा रडत बसला असतास."

रडलो असतो ना! आईसाठी रडायला मला यांची परमिशन हवी होती?

ऑफिसातले शहाणे म्हणाले, तुझ्या मनात शंका असणार आणि तिच्या मनात टोचणी. ठीक आहे, धरून चालू. पण दोघांना एकाच वेळी, एकाच जागी, तसाच पदर खोचलेली दिसावी? पुढच्या शुक्रवारी मी एकटा परत गेलो. चित्रापुढे बराच वेळ उभा राहिलो. माझ्या थोबाडाशिवाय काही दिसलं नाही.

या सगळ्याचा उलगडा आजवर झालेला नाही, आता मी तो शोधतही नाही. भावाशी बोलणं कामापुरतं. रुक्साना म्हणते, त्या दिवशी अम्मी रागावलेली नव्हती, नुसती बघत होती. मी म्हणतो, चांगलीच रागावली होती. यावरून आमचं आजही कडाक्याचं भांडण होतं. अम्मी तिथे होती की नव्हती, यावर मात्र कधीच नाही.