नव्या पोपकडे लागलेले मोनिकाबाईंचे डोळे

मोनिकाबाई गेल्याची बातमी पिंपरीच्या आमच्या औषध कारखान्यात सकाळच्या पाळीबरोबर पोहोचली. कावीळ झाली होती. आम्ही तयार करतो ते पेनिसिलिन काविळीवर चालत नाही, हे मला नीट ठाऊक होते. तरीही त्या सकाळी आमच्या भल्यामोठ्या टाक्यांचा मला राग आला... त्याला आता काही आठवडे लोटले.

विज्ञानाची पदवी घेऊन मी इथे आले, तेव्हा निर्जंतुक खोलीतले काम मला त्यांनीच शिकवले. त्या खडकीच्या, कॅथलिक. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा त्यांना टाकून मुंबईला निघून गेला होता. बॉयलरवर काम करणारे चिखलीचे तानाजीराव विधुर होते. दोघांना एकमेकांशी लग्न करायचे होते. पण मोनिकाबाईंच्या धर्मात घटस्फोट नाही. पहिले लग्नच रद्दबातल ठरवावे, असा अर्ज त्यांनी चर्चमार्फत केला होता आणि त्याचे उत्तर येत नव्हते. सरळ कोर्टात जा, असे मी एकदा सुचवले. त्या शांतपणे म्हणाल्या, "कोर्ट नवऱ्यापासून सोडवेल गं. देवासमोर दिलेल्या शब्दातून कोण सोडवणार?"

मागच्या वर्षी पोप वारले आणि नव्याची निवड सुरू झाली, तेव्हा आमच्या कँटीनला भलताच विषय मिळाला. धर्मगुरूंना कोंडून ठेवतात, निवड झाली की चिमणीतून पांढरा धूर सोडतात, हे कळल्यावर तर निवडणुकीसारखी चर्चा रंगली. "धुरावर पोप ठरत असंल, तर आमी रोज चार करतोय, राव," असे तानाजीराव म्हणाले आणि सगळे हसले. मोनिकाबाईही हसल्या. नवा पोप तरुण असेल, नियम थोडे सैल करील, या आशेवर त्या होत्या. नियम माणसाबरोबर बदलत नसतात, असे त्यांचे फादर त्यांना सांगत. त्या ऐकून घेत.

नवा पोप निवडल्याची बातमी आली तेव्हा बाई आणि मी निर्जंतुक खोलीत होतो. बुरशीचे बीज एका बाटलीतून दुसरीत घालण्याचे काम सुरू झाले की ते संपेपर्यंत दार उघडायचे नाही, बोलायचेही नाही. श्वासानेही माल नासतो. काचेपलीकडे तानाजीराव वर्तमानपत्र धरून उभे राहिले. छायाचित्र दिसत होते, अक्षरे वाचता येत नव्हती. बाईंनी एकदा पाहिले आणि नजर पुन्हा समोरच्या बर्नरच्या ज्योतीवर आणली. मीच दोनदा दाराकडे वळले. त्यांनी मानेने नको म्हटले. बाहेर आल्यावर त्यांनी फक्त वय विचारले. सत्तरी उलटलेली होती.

"म्हाताऱ्या माणसाला फार घाई असते," त्या मास्क सोडत म्हणाल्या, "नाहीतर मुळीच नसते."

अर्जाचे उत्तर शेवटपर्यंत आलेच नाही. दफनाला नवरा मुंबईहून आला आणि रीतीप्रमाणे सर्वांत पुढे उभा राहिला. मूठमूठ माती सगळ्यांनी टाकली. तानाजीराव मागेच थांबले. परतताना मी कारण विचारले.

"फुडं गेलो असतो, ताई, तर लोकं बाईंना नावं ठिवत बसली असती."

बाईंची जागा आता मला मिळाली आहे. ती मला हवी होतीच... पण अशी नव्हे. खोलीचे दार लावून घेतले की बोलता येत नाही, आणि मग मी चर्चचा तो नियम मनातल्या मनात पुन्हा तपासू लागते. मरणाने लग्नाचे बंधन संपते, असे फादरांनी मला सांगितले होते. मांडणीत कुठेही चूक सापडत नाही. मोनिकाबाई गेल्या, आणि त्यांचा नवरा मोकळा झाला.