रोज अकराला पकडला जाणारा व्हायरस

मंडळी, आजचा हा किस्सा वाचाच.

माझे सासरे सदाशिव पेठेतले जुने डॉक्टर. आज दवाखान्यात मला कौतुकानं म्हणाले, "आपला अँटिव्हायरस भारी आहे हं! रोज बरोबर अकराला एक व्हायरस पकडतो. तसा मेसेज आला, की मी 'ओके' दाबतो."

रोज? बरोबर अकराला?

मी कॉम्प्युटरवर आपोआप चालणाऱ्या कामांची यादी उघडली. त्यात 'प्रिंटर अपडेट' नावाचं एक काम रोज अकराला तोच व्हायरस पुन्हा आणत होतं. अहो, दवाखान्यात प्रिंटरच नाही! आणि पेशंटची सगळी माहिती त्याच कॉम्प्युटरवर.

सासऱ्यांनी ती यादी पुन्हा वाचली. "पेशंटला रोज ठरल्या वेळी ताप आला असता, तर मी तो उतरवणाऱ्या गोळीचं असं कौतुक केलं असतं का गं?"

तुम्हीही 'व्हायरस पकडला' असा मेसेज रोज 'ओके' दाबून घालवता का?