माझ्यावर बी वरडा

मुळशीतल्या एका सरकारी दवाखान्यात मी सिस्टर होते, तेव्हा माझ्या आवाजाला फाटकाबाहेरची कुत्रीसुद्धा वचकून असत. "ए म्हातारे, सरक पुढं." "ओ, केसपेपर कुठाय? घरी पुजायला ठेवलाय का?" सकाळी नऊ ते एक माझ्या तोंडाचा पट्टा चालू असे आणि लोकांनाही त्यात काही गैर वाटत नसे. एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्यांची तर तऱ्हाच वेगळी. "ती एड्सवाली आली बघ," असं या खिडकीतून त्या खिडकीत सांगायचं, आणि तेही कुजबुजत नव्हे.

मग वरून फर्मान आलं की या रुग्णांशी सन्मानाने बोला. पुण्याहून एक साहेब आले. त्यांनी दिवसभर पडद्यावर करुणेची चित्रं दाखवली, मधल्या सुट्टीत आमच्या वयस्क शिपाईमामांना "ए, पाणी आण" अशी हाक मारली आणि संध्याकाळी आम्हाला प्रमाणपत्रं वाटून गेले.

मी ते प्रमाणपत्र फारच मनावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात कासार आंबोलीच्या बंगल्यांवर स्वयंपाक करणारी एक बाई पहिल्यांदाच त्या गोळ्या न्यायला आली. मी तिच्या पुढच्या माणसावर खेकसले, मागच्या बाईला दटावलं आणि मधल्या तिला मात्र मधाळ आवाजात म्हटलं, "या ताई, बसा. बऱ्या आहात ना?" सगळ्या रांगेने वळून पाहिलं. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. पुढच्या महिन्यातही मी तेच केलं. या वेळी शिपाईमामांनी तिच्यासाठी खुर्चीसुद्धा पुसली.

त्या दिवशी गोळ्या पिशवीच्या तळाशी दडवून ती माझ्या मागोमाग ड्रेसिंगच्या खोलीत आली. दार लोटून म्हणाली, "सिस्टर, येक मागनं हाय. माझ्यावर बी वरडा."

"म्हणजे?"

"समद्यांवर वरडता तसं. हितं तुमी कुनालाच धड बोलत न्हाई, मला येकटीलाच ताई म्हनता. माझी शेजारीन रांगेत हाय. इचारतीया, तुलाच येवढा मान कशापायी? तिला कळलं तर बंगल्यावर कळंल. मग माझ्या हातचं कोन खाईल? काम गेलं तर पोरीला घिऊन कुटं जाऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस आम्ही लोकांचा हा आजार ओरडून सांगत होतो, आता हिचा गोड बोलून सांगत होतो. माझं प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट होऊन भिंतीवर लागलं होतं.

मी दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून गरजले, "ए बाई, आत कुठं घुसतेस? काही विचारायचं असेल तर रांगेतून ये, समजलं?" तिचा जीव भांड्यात पडला. रांगेतली शेजारीण खुदकन हसली. मला रडू येत होतं.

पण दर महिन्याला एका आजारी बाईवर तिच्या भल्यासाठी ओरडायचं, हे काही माझ्याच्याने होईना. उरला एकच मार्ग, आणि तो माझ्या स्वभावाला फार जड होता. मी सगळ्यांशीच नीट बोलू लागले. पहिल्या दिवशी जबडा दुखला. महिनाभराने जांब्याचे एक आजोबा खोकला घेऊन आले. मी म्हटलं, "या बाबा, बसा. सावकाश सांगा, काय होतंय."

ते बसलेच नाहीत. काठी घट्ट धरून म्हणाले, "सिस्टर, खरं काय ते सांगा. मला लई मोठं कायतरी झालंय व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत मागून, शेजारणीबरोबर उभ्या असलेल्या तिनंच उत्तर दिलं, "काय न्हाई झालं, बाबा. हितं आता समद्यांशीच आसं बोलत्यात."

"व्हय," शेजारीण म्हणाली, "मला बी ताई म्हनल्या मगाशी."